गच्चीवर सोलर: फायदा किती, डोकेदुखी किती?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहायची वेळ आली. आईबाबा कऱ्हाडला असतात, मी पुण्यात. घर स्वतःचं, वर गच्ची, मोकळी जागा साधारण ६०० स्क्वेअर फूट. वीज एरवी महिन्याला १५०-१६० युनिट, एप्रिल-मेमध्ये कूलर लागला की २२० पर्यंत जाते. गेल्या आठवड्यात एक माणूस घरी येऊन बाबांना "काका, आता आयुष्यभर बिल शून्य" असं सांगून गेला आणि ५ किलोवॅटचं कोटेशन देऊन गेला. बाबा एकदम उत्साहात, आई म्हणते गच्चीवर मी कुरडया कुठे वाळवू, आणि मी मधे. ज्यांनी प्रत्यक्ष बसवलंय त्यांनी फायदे-तोटे दोन्ही सांगा प्लीज. नुसतं "बसवा मस्त आहे" असं नको.

मोगरा
आमच्याकडे नाशिकला दीड वर्ष झालं, ३ किलोवॅट. बसवा, मस्त आहे 😀

वायरमन_रिटायर्ड
कृष्णाकाठ, ५ किलोवॅट तुम्हाला कशाला? हिशोब अगदी सोपा आहे. आपल्याकडे १ किलोवॅटमागे वर्षभराची सरासरी धरली तर दिवसाला ४ युनिट निघतात, म्हणजे महिन्याला ११५-१२०. ५ किलोवॅट म्हणजे ६०० युनिट. तुम्ही वापरता १६०. उरलेल्याचं काय? ते ग्रीडला (महावितरणच्या लाईनला) जातं, क्रेडिट जमा होतं, पुढच्या महिन्यात वळतं होतं, पण ३१ मार्चला हिशोब बंद. तेव्हा जे शिल्लक असेल त्याचे पैसे मिळतात खरे पण दर इतका कमी की त्यासाठी पॅनेल लावणं म्हणजे विकायला म्हणून टोमॅटो लावण्यासारखं, भाव मिळाला तर मिळाला.

आणि एक गोष्ट विकणारे कधी सांगत नाहीत. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने आहे, पहिली १०० युनिट स्वस्त, १०१ पासून ३०० पर्यंत जवळजवळ दुप्पट. सोलरने आधी वरची महाग युनिटं कापली जातात. म्हणजे पहिल्या किलोवॅटला तुमचे सगळ्यात जास्त पैसे वाचणार, दुसऱ्याला त्यापेक्षा कमी, आणि तिसऱ्यापासून पुढे तुमच्या वापराला काहीच नाही. बिल शून्य पण होत नाही, स्थिर आकार भरावाच लागतो.

कृष्णाकाठ
बापरे, हे त्या माणसाने अजिबात सांगितलं नाही. पण सबसिडी ३ किलोवॅटपर्यंत वाढत जाते ना? मग ३ घेणं फायद्याचं नाही का?

वायरमन_रिटायर्ड
पीएम सूर्यघर योजनेत (फेब्रुवारी २०२४ पासून) पहिल्या २ किलोवॅटला किलोवॅटमागे ३० हजार, म्हणजे ६० हजार. तिसऱ्याला १८ हजार, एकूण ७८ हजार, आणि त्यापुढे ५ घ्या नाहीतर १० घ्या, ७८ च. सबसिडी जास्त मिळते म्हणून मोठं घेणं म्हणजे सेल लागलाय म्हणून दोन नंबर मोठा बूट घेणं. पुढे एसी, इंडक्शन, इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचा विचार असेल तर गोष्ट वेगळी.

अजून एक, सबसिडीसाठी पॅनेल भारतात बनवलेल्या सौर सेलचंच लागतं, डीसीआर म्हणतात त्याला. ते बाहेरच्या सेलवाल्यापेक्षा महाग असतं. कोटेशनमध्ये डीसीआर लिहिलंय का ते बघा, नसेल तर सबसिडी अडकणार. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय तेही बघा, काही जण जुन्याच रेटने लावतात.

मोगरा
काका बरोबर सांगताहेत. आमचं बिल आधी २८००-३००० यायचं, दोन एसी आणि सासूबाईंचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. म्हणून आम्हाला तीनचं परवडलं. गेलेली-आलेली दोन्ही वीज मोजणारं मीटर बदलून यायला मात्र अडीच महिने लागले, तोपर्यंत पॅनेल वर नुसतं ऊन खात बसलेले आणि आम्ही खाली पूर्ण बिल भरत. पॅनेल दोन दिवसात बसतात, कागदांना वेळ लागतो.

खारं_वारं
दापोलीकडून लिहितोय. कोकणातला माणूस म्हणून तोट्याची बाजू मी सांगतो, कारण वरच्या ४ युनिटच्या सरासरीत आमचा जुलै दिसत नाही. माझं ३ किलोवॅट, मार्च-एप्रिलला दिवसाला १३-१४ युनिट सहज, आणि जुलैत संततधार लागली की ३, एखाद्या दिवशी दीड. वर्षाची सरासरी बसते, खोटं नाही, पण पावसाळ्यात ॲप उघडून बघू नये, रक्तदाब वाढतो.

दुसरं म्हणजे वारा. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको, आमच्या वाडीत एकाही घरावर पत्रा जागेवर नव्हता. त्यामुळे मी स्ट्रक्चरवर पैसे वाचवले नाहीत. हॉट डिप गॅल्व्हनाइज्डच (वितळलेल्या जस्तात बुडवलेलं) घ्या, नुसता सिल्व्हर रंग मारलेला अँगल खाऱ्या हवेत दोन पावसात गंजतो. कऱ्हाडला खारी हवा नाही, पण वळवाचा वारा आहेच.

तिसरं, वानर. रोज सकाळी टोळी येते आणि पॅनेलवरून घसरगुंडी खेळते. आतापर्यंत एक काच तडकली.

आणि मुख्य म्हणजे वादळात चार-चार दिवस लाईट नसते तेव्हा लोक विचारतात, तुमच्याकडे सोलर आहे ना मग अंधार का? आता काय सांगायचं!

उगाच_प्रश्न
खरंच का पण? ऊन आहे, पॅनेल आहे, मग लाईट का नाही? मला कायम वाटायचं सोलरवाल्यांच्या घरी लाईट जातच नाही.

वायरमन_रिटायर्ड
साधी ऑनग्रीड सिस्टीम ग्रीडच्या लाईटवर चालते. बाहेरची लाईन गेली की इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात चालेल अशी करणारा डबा) स्वतःहून बंद होतो, तो मुद्दाम तसाच केलेला असतो. समजा लाईन बंद करून आमचा माणूस पोलवर चढलाय आणि तुमच्या गच्चीवरून वीज उलटी लाईनमध्ये येतेय. मी ३४ वर्षं पोलवर काढलीत, जनरेटरवाल्यांच्या चुकीमुळे काय काय होतं ते बघितलंय. त्यामुळे ते बंद झालंच पाहिजे, त्यात तडजोड नाही.

लाईट गेल्यावर पण हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी. लिथियमची घ्या, तिचं आयुष्य लेड ॲसिडपेक्षा बरंच जास्त. पण बॅटरीने खर्च एकदम वर जातो आणि पैसे फिटायची मुदत लांबते. शहरात दिवसाला अर्धा तास लाईट जात असेल तर घरात आहे तोच जुना बॅटरीवाला इन्व्हर्टर ठेवा आणि गप्प बसा.

शिवार_जुन्नर
घरावरचं मला माहीत नाही, पण शेतातलं सांगतो. माझ्याकडे ५ एचपीचा सौर पंप आहे, मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेतला, १० टक्के आम्ही भरले बाकी सरकारचं (एससी-एसटीला ५ टक्केच भरायचे असतात). विहिरीवर लाईटचं कनेक्शन कधी मिळालंच नव्हतं, शेजाऱ्याच्या मोटरवर पाणी घ्यायचो.

ज्यांच्याकडे लाईट होती ते तरी काय सुखात होते, एक आठवडा दिवसा लाईट आणि एक आठवडा रात्री. आमच्याकडे जुन्नरला रात्री उसात पाणी धरायला जायचं म्हणजे काय ते पेपरात वाचता तुम्ही, बिबट्या. मी स्वतः रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन, मोबाईलवर गाणी जोरात लावून दारं मोडायला (पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला) गेलेला माणूस आहे, बायको घरी देवापुढे बसलेली. आता सकाळी नऊला मोटर चालू, चारला बंद. हा फायदा कुठल्या युनिटमध्ये मोजायचा तुम्हीच सांगा.

आता तोटे. सकाळी नऊच्या आत आणि चारनंतर पाणी नुसतं करंगळीएवढं येतं. ढग आला की प्रेशर गेलं, ठिबक असेल तर शेवटच्या नळीपर्यंत पोचत नाही. बोअर खोल असेल तर एवढ्या एचपीत पाणी वर येणार का ते आधी बघा, आमच्या गावात दोघांची पंचाईत झाली. पंप फक्त पंपच, त्याच्यावर कडबाकुट्टी चालवायची म्हटलं तर चालत नाही. केबल चोरीला जाते. गारपिटीत पाच वर्षं विमा आहे म्हणतात आणि आहे पण, फक्त माझ्या एका पॅनेलला तडा गेला तर कंपनीचा माणूस यायला सात आठवडे लागले आणि त्या सात आठवड्यात माझा कांदा होता.

उगाच_प्रश्न
शिवार, पाणी फुकट झाल्यावर उपसा वाढत नाही का? बिलच नाही म्हटल्यावर मोटर कोण बंद करणार.

शिवार_जुन्नर
वाढतो. खोटं कशाला बोलू. पहिल्या वर्षी मी पण आळस केला, मोटर चालू ठेवून तालुक्याला जायचो. फेब्रुवारीत विहिरीने तळ दाखवला तेव्हा कळलं. पण तसं म्हटलं तर आधी तारेवर आकडा टाकणारे लोक तरी कुठे बिल भरत होते?

सेक्रेटरी_ठाणे
सोसायटीवाले कोणी आहेत का? आमची १४ मजली बिल्डिंग, ७८ फ्लॅट. सगळ्यांना आधी वाटलं की प्रत्येकाचं बिल कमी होणार. नाही होत हो. १ किलोवॅटला साधारण १०० स्क्वेअर फूट लागतात, आमच्या गच्चीवर टाक्या, लिफ्टची खोली आणि मोबाईल टॉवर सोडून २० किलोवॅटची जागा उरली. ७८ घरांना वाटायला घेतलं तर प्रत्येकाला पाव किलोवॅट, एक मिक्सर.

म्हणून फक्त कॉमन मीटरला लावलं: लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे. सोसायटीच्या कॉमन वापराला सबसिडी वेगळी, किलोवॅटला १८ हजार. मेंटेनन्समध्ये माणशी २०० रुपयाच्या आसपास फरक पडला. पण तिथपर्यंत पोचायला दोन एजीएम (वार्षिक सभा), एक एसजीएम (विशेष सभा) आणि माझी दोन मैत्रीपूर्ण नाती खर्ची पडली. सगळ्यात वरच्या मजल्यावाल्यांचा विरोध, त्यांचं म्हणणं स्लॅबला भोकं पाडली की गळती आमच्याच बेडरूममध्ये. आणि त्यांचं बरोबरच होतं! मग भोकं न पाडता काँक्रीटचे ब्लॉक ठेवून त्यावर स्ट्रक्चर उभं केलं. कृष्णाकाठ, तुमच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग किती जुनं आहे ते आधी बघा. पॅनेल बसल्यावर खालची गळती काढणं फार त्रासाचं.

कृष्णाकाठ
वॉटरप्रूफिंग २०१२ चं आहे म्हणजे आधी तेच करावं लागेल बहुतेक. हा खर्च कोणी धरतच नाही कोटेशनमध्ये.

नेकरकाठचा
श्टुटगार्टहून. इथे जर्मनीत लोक फ्लॅटच्या बाल्कनीच्या कठड्यालाच दोन पॅनेल लटकवतात, ८०० वॅटचा छोटा इन्व्हर्टर, वायर सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये. २०२४ पासून नियम बरेच सोपे झाले. मी पण लावलेत, भाड्याच्या घरात. जूनमध्ये फ्रिज, राऊटर, लॅपटॉप सगळं त्यावर चालतं. डिसेंबरमध्ये मात्र दिवसभरात मोबाईल चार्ज होईल एवढंच, कारण सूर्य साडेचारलाच मावळतो आणि त्याआधी पण तो कुठे असतो देव जाणे. तुमच्याकडे जानेवारीत जे ऊन आहे त्याची किंमत इथे आल्याशिवाय कळत नाही.

पण इथला एक धडा: सोलर इतकं झालंय की उन्हाळ्यात रविवारी दुपारी बाजारात विजेचा भाव शून्याच्या खाली जातो, म्हणजे घ्या बाबा कोणीतरी अशी अवस्था, आणि संध्याकाळी सातला परत महाग. भारतात पण जानेवारी २०२५ मध्ये सोलरची क्षमता १०० गिगावॅट ओलांडून गेली, त्यामुळे दुपारची वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग हे तिकडेही येणार. नेट मीटरिंग (ग्रीडला दिलेली युनिटं वापरातून वळती करणं) आज आहे तसं कायम राहील असं धरून २५ वर्षांचा हिशोब करू नका.

वायरमन_रिटायर्ड
हे शंभर टक्के. दुपारची युनिटं दुपारच्याच वापरात वळती करायची असा विषय वीज नियामक आयोगापुढे येऊन गेलाय, लोकांनी ओरड केली. पुन्हा येणार नाही असं नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर, इस्त्री दुपारी लावायची सवय आत्तापासून करा. ग्रीड म्हणजे बँक नाही, तुमची दुपारची वीज कोणी डब्यात भरून ठेवत नाही. साठवायची तर बॅटरी नाहीतर आपल्या घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पासारखं, पाणी वर चढवायचं आणि लागेल तेव्हा खाली सोडायचं. २५० मेगावॅटचं आहे ते.

उगाच_प्रश्न
आता मी खरा तोट्याचा मुद्दा मांडू का, चिडू नका. पॅनेल २५ वर्षांनी भंगारात जाणार, तेव्हा त्याचं काय करणार? आणि हे मोठमोठे सोलर पार्क. राजस्थानात भडल्याला २२४५ मेगावॅटचं पार्क आहे, सगळं वाळवंट म्हणून दाखवतात पण त्या भागात चराई असते, खेजडीची झाडं असतात, ती तोडली म्हणून तिथे लोक आंदोलनं करतात. माळढोक पक्षी अशा पार्कची वीज नेणाऱ्या हायटेन्शन वायरला धडकून मरतात, हे प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, २०२१ मध्ये वायरी जमिनीखालून टाका असा आदेश झाला आणि २०२४ मध्ये तो शिथिल करून समिती नेमली. हे सगळं "स्वच्छ ऊर्जा" म्हणून विकायचं?

शिवार_जुन्नर
गायरानाचं (गावच्या चराईच्या जमिनीचं) आमच्याकडे पण आहे. दिवसा लाईट देण्यासाठी सबस्टेशनजवळ सोलर प्रकल्प करतात, सौर कृषी वाहिनी, चांगली गोष्ट आहे, खाजगी जमीन दिली तर एकरी वर्षाला ५० हजार भाडं आहे. पण गायरान घेतलं तर मेंढरं कुठे न्यायची? दरवर्षी धनगर येतात त्यांचे वाडे (मेंढरांसकट मुक्काम) बसायचे तिथे. गावाला विचारून केलं तर वाद होत नाही, ठराव आधी कागदावर आणि गावाला नंतर कळलं की होतो.

नेकरकाठचा
उगाच, भंगाराचा मुद्दा बरोबर आहे पण थोडं प्रमाणात बघा. पॅनेलचं वजन बघितलं तर बरचसं काच आणि ॲल्युमिनियमची चौकट, ते परत वापरता येतं. आत थोडं शिसं असतं सोल्डरमध्ये, म्हणून उकिरड्यावर फेकायचं नाही. भारतात २०२२ च्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनेल घेतलेत, प्रत्यक्षात गोळा करणारी यंत्रणा किती उभी राहते हे बघायचं. पण कोळशाची राख चंद्रपूरला किंवा कोराडीला वीज केंद्राजवळ जाऊन बघा, ती २५ वर्षांनी नाही, रोज निघते.

उगाच_प्रश्न
राखेचं मान्य. वाड्यांचं मात्र तुम्ही कोणी उत्तर दिलं नाहीत.

मोगरा
विषय कुठल्या कुठे गेला 😀 कृष्णाकाठ, काय ठरलं?

कृष्णाकाठ
गेल्या शनिवार-रविवारी कऱ्हाडला जाऊन आलो. गच्चीवर सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला खडूने सावली आखली. शेजारच्यांनी विचारलं पण, वास्तू का काय बघताय म्हणून. तर पश्चिमेच्या बाजूला आमच्याच नारळाची सावली साडेतीनपासून येते आणि थंडीत आणखी लवकर येईल. त्या विक्रेत्याने प्लॅनमध्ये तिथेच चार पॅनेल दाखवली होती!

वायरमन_रिटायर्ड
शाब्बास, खडूचं काम एकदम बरोबर केलंत. पॅनेल एका माळेत जोडलेली असतात, एकावर सावली पडली की अख्ख्या माळेचा करंट खाली येतो. झावळीची बारीक सावली म्हणून सोडून देऊ नका. एकतर जागा बदला, नाहीतर प्रत्येक पॅनेलला वेगळा मायक्रोइन्व्हर्टर, तो महाग. किंवा नारळ तोडा.

कृष्णाकाठ
नारळ बाबांनी माझ्या जन्माच्या वर्षी लावलाय. तो विषय मी काढला आणि संपला.

खारं_वारं
नारळ तोडायचं नाव काढू नका. कोकणात असं बोललात तर वाडीत चहा मिळणार नाही.

कृष्णाकाठ
(चार महिन्यांनी)
अपडेट द्यायचा राहिला होता. शेवटी २ किलोवॅट, पूर्वेच्या अर्ध्या गच्चीवर, स्ट्रक्चर आठ फूट उंच. आधी वॉटरप्रूफिंग केलं, त्यात ३८ हजार गेले. सिस्टीम १ लाख ३५ हजार, ६० हजार सबसिडी बाबांच्या खात्यात २६ दिवसांनी आली. वायरमनकाकांनी सांगितलं तसं डीसीआर बघून घेतलं, अर्थिंगचे खड्डे तीन वेगवेगळे करून घेतले (ठेकेदार एकातच तिन्ही वायरी टाकत होता, बाबा खुर्ची टाकून समोर बसले), इन्व्हर्टर जिन्याखाली सावलीत.

बिल १४५० वरून पावणेदोनशेवर आलं. वॉटरप्रूफिंग धरून हिशोब केला तर पैसे फिटायला साडेसात-आठ वर्षं लागतील, तो माणूस तीन म्हणाला होता. पुढचा पावसाळा अजून बघायचाय.

कोणीच न सांगितलेली एक गोष्ट: काजळी. साखर कारखान्याचा गळीत हंगाम चालू असताना चिमणीतून जी काळी राख उडते ती रोज पॅनेलवर. बाबा एक दिवसाआड सकाळी सातला लांब दांड्याच्या मॉपने पुसतात, बोअरचं पाणी वापरत नाहीत कारण क्षाराचे पांढरे डाग पडले होते पहिल्या आठवड्यात. पुसायच्या आधी ७.९ युनिट, पुसल्यावर ८.८, हे त्यांनी वहीत लिहून ठेवलंय. रोज संध्याकाळी फोन येतो त्यात आधी युनिट सांगतात मग तब्येत.

मोगरा
आणि कुरडया?

कृष्णाकाठ
पश्चिमेची बाजू पूर्ण आईची. साडेतीनपर्यंत ऊन तिच्या कुरडयांना पुरतं म्हणे. पॅनेलखाली सावलीत आता तिची शिवणाची मशीन पण गेलीय.

खारं_वारं
नारळ पॅनेलपासून किती लांब आहे? वाऱ्यात वरून एखादा नारळ सुटला तर वॉरंटीत बसतं का?

कृष्णाकाठ
चौदा फूट. आणि नाही बसत, विचारून झालंय.